उपडे बूट

१० मे

चि. हर्षद,

आशीर्वाद. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस आणि तुझ्या बायकोच्या, मृणालच्या, फोनवर मी लावला तेव्हा "ते मीटिंगमध्ये आहेत" असं बारीक आवाज काढून तूच सांगितलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. गंमत अशी की ते मुरूडहून खारघरला जाणार आणि तू शनिवारी ते खिशात घालून आपल्याच किनाऱ्यावरच्या तुझ्या बंगल्यात येणार. त्या बंगल्याच्या गच्चीवरून माझी तुळस दिसते. गेले नऊ महिने तू तिच्याकडे पाठ करून चहा पितोस, हे मला दिसतं.

भांडण तुला आठवत असेल. पण तुझ्या आठवणीत तू बरोबर असशील, म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. गेल्या नारळी पुनवेला तू चार पाहुणे घेऊन माझ्या खानावळीत जेवायला आलास. दुसरा बांगडा वाढला तेव्हा तू त्यांना समजावत होतास, की श्रीमंतांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, संपत्ती वरून खाली झिरपत येतेच. मी वाढता वाढता म्हटलं, वरून खाली झिरपतं त्याला आमच्याकडे गळकं छप्पर म्हणतात आणि खाली पातेलं ठेवतात. तुझे पाहुणे हसले. तू हसला नाहीस. "ताई, तुला गरिबीचा माज आहे," म्हणालास आणि भरल्या ताटावरून उठलास. तो बांगडा मांजरानेही लगेच खाल्ला नाही. त्यालाही कळलं, काहीतरी झालंय.

तेव्हापासून मी गावात ज्याला त्याला विचारते आहे, श्रीमंत कोण? भागुबाई सुकट पसरता पसरता म्हणाली, "भाव न इचारता पापलेट घेतो तो." मग थोडा विचार करून म्हणाली, "पर तो बावळट पन असंल." आपल्या होडीवरच्या कोंडाजीच्या मते फोन वाजला तरी ज्याला उचलावा लागत नाही, तो श्रीमंत. डॉक्टरांनी मला रक्तदाब मोजताना सांगितलं, ज्याला मी चालायला सांगतो तो श्रीमंत, ज्याला बसायला सांगतो तो गरीब. मला त्यांनी गप्प राहायला सांगितलं. म्हणजे मी कोणत्या वर्गात, ते कळलं नाही.

आता माझं मत. हाक मारल्यावर जितके हात येतात, तितका माणूस श्रीमंत. तू तुझ्या गेटवरून हाक मारलीस तर एजन्सीचा वॉचमन येईल, तोही त्याची पाळी असेल तर.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आपली होडी. शेजारचा रिसॉर्टवाला येऊन गेला. "रंगू" त्याला हवी आहे. तिला गुलाबी रंग देऊन, मधोमध कापून, आत काउंटर करणार आहे. आईचं नाव असलेल्या होडीत उभं राहून लोक रंगीत सरबतं पिणार. तुझा होकार आहे आणि फक्त माझी सही राहिली आहे, असं तो म्हणाला. बाबांनी होडी दोघांच्या नावावर केली, ती आपण एकमेकांना धरून राहावं म्हणून. आपण धरलं आहे खरं, पण गळा.

तर पैज लाव. ३१ मेला, रविवारी, पुनवेची भरती आहे. होडी पावसाळ्यासाठी वर ओढायची आहे. यंत्र न लावता, नुसत्या हातांनी ती सुरूच्या झाडांपर्यंत गेली, तर विक्रीचा विषय कायमचा संपला आणि तू माझ्याकडे येऊन ते ताट पुरं करायचं. नाही गेली, तर मी सही करते आणि पहिलं सरबतही पिते.

तुझी
ताई


३० मे, दिवे लागताना

चि. हर्षद,

तुझं कुरिअर मिळालं. कंपनीच्या कागदावर दीड ओळ: "पैज मान्य. त्याचा ट्रॅक्टर तयार असेल." खाली सही आणि शिक्का. बहिणीला शिक्का मारून पत्र पाठवणारा भाऊ आमच्या वाडीत दुसऱ्या कोणाला नाही. मी ते भागुबाईला अभिमानाने दाखवलं.

मी आत्ताच घरोघर फिरून आले. रीत तुला ठाऊक आहे. पण माझी पत्रं मृणालही वाचते असा मला दाट संशय आहे, म्हणून तिच्यासाठी लिहिते. होडी ओढायच्या आदल्या दिवशी नाखव्याने, म्हणजे होडीच्या मालकाने, स्वतः दारोदार जायचं. फोन चालत नाही आणि दुसऱ्याला पाठवलेलंही चालत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून एवढंच म्हणायचं: "उद्या होडीला हात द्या." मजुरी द्यायची नाही, विचारायची तर नाहीच. नारळी पुनवेनंतर होडी पहिल्यांदा मासळी घेऊन आली, की दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला त्यातून कालवणापुरता वाटा. कोणी लखपती असो की त्याचा ड्रायव्हर, वाटा सारखाच.

तर मी गेले. पहिल्याच घरात शिवदास म्हणाला, "बाय, हात न्हाय, पर जीपे करतो. आकडा सांग." त्याने खरंच मनापासून विचारलं. त्याच्या तीन खोल्या उद्यापर्यंत भरलेल्या आहेत, पाहुण्यांना घावणे कोण देणार? पुढच्या घरातले दोघे भाऊ समुद्रात लोकांना त्या पिवळ्या हवेच्या केळ्यावर बसवून फिरवतात. रविवार म्हणजे त्यांची दिवाळी. त्याच्या पुढच्या घरात केसरने दार अर्धंच उघडलं. "आमच्या नव्या घराला तू टाइल्सचं दुकान बोललेलीस," म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी कधीच विसरले. ती म्हणाली, "आमी न्हाय."

या माझ्या जिभेने बरीच घरं आधीच फिरून ठेवली होती, हर्षद. मी पोचले तिथे तिथे ती माझ्या आधी पोचलेली होती.

कोंडाजी येणार, पण होडी चालवणारा तांडेल असला तरी त्याची पाठ धरली आहे, म्हणजे तो उभा राहून ओरडणार. भागुबाई येणार. आणखी काही म्हातारी माणसं येतील, जी माझ्याशी भांडण्याच्या वयापुढे गेली आहेत.

वाटेत एक विचार आला, तो तुला सांगत नव्हते, पण सांगते. पूर्वी हाकेला चाळीस-पन्नास हात यायचे. ते प्रेमाने यायचे की रिकामे होते म्हणून यायचे? आता प्रत्येक हाताला काही ना काही काम आहे. शिवदासच्या पोरीच्या दातांना तार लागली आहे, केसरच्या घरात नळाला गरम पाणी येतं. हे चांगलंच आहे. तुमच्यासारखे बंगलेवाले आणि त्यांचे पाहुणे आले म्हणून आलं, हेही खरं आहे. मग मला राग कसला येतो आहे? माझी श्रीमंती दुसऱ्यांच्या रिकाम्या हातांवर उभी होती, असं निघालं तर तुझ्यात आणि माझ्यात फरक तो काय? हे वाक्य तू कुठे वापरलंस तर मी लिहिलंच नव्हतं असं सांगेन.

रिसॉर्टवाल्याने ट्रॅक्टर आजच किनाऱ्यावर आणून ठेवला आहे. ड्रायव्हर त्यावर बसून माझ्या होडीकडे, हॉटेलात दुसऱ्याच्या रिकाम्या होणाऱ्या टेबलाकडे बघावं, तसा बघतो आहे.

ओढून झाल्यावर सगळ्यांना उसळ-पाव द्यायचा असतो. पांढरे वाटाणे भिजत घातले. दरवर्षीइतकेच घातले, सवयीने. तुझे भावोजी जहाजावर आहेत, नाहीतर इतके वाटाणे कोण खाणार, असं विचारलं असतं. सध्या घरात हा प्रश्न विचारणारं कोणी नाही, हे बरं आहे.

ताई


१ जून

चि. हर्षद,

तू तिथे नव्हतास, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

भरती दुपारी टोकाला आली. होडी पाण्याने आणून सोडली तिथे टेकली. ओहोटी लागली की वाळू तिला धरते, म्हणून वेळ फार नसतो. खाली तेल लावलेले ओंडके, तोंडाला दोन दोर, आणि दोरांवर आम्ही. काठीदेखील नीट न धरणाऱ्या वयाची म्हातारी माणसं, भागुबाई आणि मी. कोंडाजीने कमरेला पट्टा बांधून हाक दिली. आम्ही ओढलं. होडी एका ओंडक्यावरून दुसऱ्यावर गेली आणि थांबली. पुन्हा हाक, पुन्हा ओढलं. या वेळी आम्हीच पुढे आलो आणि होडी तिथेच राहिली. भागुबाई वाळूत बसली ती उठेना.

ट्रॅक्टरवाल्याने तंबाखू थुंकून किल्ली फिरवली.

तेवढ्यात तुझ्या बंगल्याचं गेट उघडलं आणि मृणाल आली. मागे पांढऱ्या कपड्यांतली वीस-पंचवीस माणसं. तुमच्याकडे म्हणे शनिवारपासून मनःशांतीचं शिबिर होतं. मृणालने त्यांना सांगितलं होतं, की शिबिराचं शेवटचं सत्र किनाऱ्यावर आहे. त्यांनी आधी भागुबाईला विचारलं, याची फी किती? ती म्हणाली, फुकट हाय. त्यावर ती माणसं दोन पावलं मागे सरकली. फुकट आहे म्हणजे नक्की काहीतरी फसवणूक आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर. मग भागुबाई म्हणाली, "ऑगस्टात मासली मिलंल वाट्याला." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडून त्यांनी दोर धरले. एकाने तर नावनोंदणी कुठे करायची, विचारलं.

हर्षद, मी आयुष्यात इतकं वाईट ओढणं पाहिलं नाही. प्रत्येकाचं एक-दोन-तीन वेगळं. एक गृहस्थ दोर सोडून सगळ्यांसमोर उभे राहिले आणि संघभावना म्हणजे काय ते सांगू लागले. भागुबाईने त्यांना मागचा ओंडका उचलून पुढे आणायचं काम दिलं. एकदा ओंडका आणल्यावर ते संघभावनेवर पुन्हा बोलले नाहीत. एका बाईंनी दोर हातमोजे घालून धरला होता आणि तो घसरत होता, तरी त्या सोडत नव्हत्या. मला त्या आवडल्या.

होडी डावीकडे कलायला लागली. हे सगळं शिवदास त्याच्या गच्चीवरून बघत होता. पाहुण्यांना घावणे वाढता वाढता त्याचं लक्ष इकडेच. आमच्या माणसाला होडी अडकलेली बघवेल; पण चुकीची ओढलेली बघवत नाही. तो तिथून ओरडला, "अरे, डावा दोर सोडा, उलटंल ती." कोणी सोडला नाही, कारण डावा कोणता यावर दोराशी असलेल्यांचं एकमत नव्हतं. मग तो उलथनं हातात घेऊनच खाली धावला. केळेवाले भाऊ आपलं केळं पर्यटकांसकट किनाऱ्याला लावून आले, आणि ते पर्यटकही त्यांच्यामागून आले. केसर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्यासाठी न्हाय. रंगूआजीच्या होडीसाठी," आणि माझ्या पुढची जागा घेतली. शिवदासने गावाचे हात आणि शिबिराचे हात एकाआड एक लावले. कोंडाजीने हाक दिली.

होडी उठली, हर्षद. सुरूच्या सावलीपर्यंत एकदाही न थांबता गेली. ट्रॅक्टरवाल्याने किल्ली काढून खिशात ठेवली आणि उसळ कुठे आहे ते विचारलं.

मी सगळ्यांना जेवायला बोलावण्यासाठी वळले. भरतीच्या रेषेच्या वर, होड्यांच्या ओळीत, एक बुटांचा जोड होता. करड्या रंगाचा, जाळीदार, ज्याच्या किमतीत माझ्या खानावळीला महिनाभराचं तांदूळ-तेल येईल. दोन्ही बूट उपडे करून एकावर एक ठेवलेले. वाऱ्याने आत वाळू भरू नये म्हणून बाबा चपला तशा ठेवायचे. आपल्याला त्यांनी चालायच्या आधी ते शिकवलं. शिबिरातल्या बाकी सगळ्यांचे बूट सरळ होते आणि वाळूने भरलेले होते.

मी मान वर केली. तुझ्या बंगल्याच्या मागच्या फाटकाकडे एक माणूस चालला होता. टोपी, काळा चष्मा, तोंडाला उन्हाचं पांढरं मलम. भर दुपारच्या वाळूतून अनवाणी, एकेक पाय उचलत. तळपाय भाजले असतील. खोबरेल लाव. तळहातांनाही लाव, डाव्या दोराच्या शेवटच्या टोकाला जो कोणी होता त्याचं रक्त दोराला लागलं आहे.

डाव्या दोराच्या त्या शेवटच्या माणसाने हात दिला नसता, तर तुला सही मिळाली असती. आपल्याच पैजेविरुद्ध दोर ओढणारा व्यापारी मी पहिल्यांदाच पाहिला. धंद्यातही असाच वागतोस की काय? मला तुझी काळजी वाटायला लागली आहे, आणि फार दिवसांनी बरं वाटतं आहे.

वाटाणे संपले. कमीच पडले.

ताई


२१ ऑगस्ट

चि. हर्षद,

अडीच महिने झाले, उत्तर नाही. फक्त मृणालचं कुरिअर आलं, त्यात तळपायाला लावायचं मलम आणि एक ओळ: "हे आता इथे लागत नाही, तुमच्या खानावळीत कोणाला लागलं तर." ही मुलगी आपल्या घरात पहिल्या दिवसापासून वाया गेली आहे.

तू पुनवेला येशील की नाही, म्हणून आठवण करून देते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठवून सरकारने कधीचीच मुभा दिली असली, तरी आपली होडी नारळ वाहिल्याशिवाय जात नाही. पुनव २८ ला आहे, म्हणजे रविवारपर्यंत पहिली मासळी येईल. वाटा घेतला नाही तर काय करतात, ते तुला माहीत आहे. तो विकत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत. नाखवा गुडघाभर पाण्यात उभा राहतो, सगळ्यांदेखत त्या माणसाचं नाव मोठ्याने घेतो आणि मासळी समुद्रात परत सोडतो. माझा आवाज तुला माहीत आहे. बंगल्यापर्यंत पोचेल. शिबिरातल्या पंचवीसजणांनी येतो म्हणून कळवलं आहे. हातमोजेवाल्या बाई आत्तापासून डबा धुऊन ठेवून आहेत.

बूट माझ्याकडे ओटीवर आहेत. मी ते सरळ केले नाहीत.

ताई


३१ ऑगस्ट

चि. हर्षद,

काल तू गेल्यावर तासभर लोक बसून होते, त्याचा वृत्तांत तुला मिळायला हवा.

तू आलास ते ड्रायव्हर न घेता, गाडी स्वतः चालवत, आणि अनवाणी, हे सगळ्यांनी पाहिलं. शिवदासने मासळीच्या ढिगाचे वाटे लावले तेव्हा तुझ्या वाट्याला चार बांगडे आले, भागुबाईलाही चारच. तू म्हणालास, माझ्यातला एक तिला द्या, तिने माझ्यापेक्षा जास्त ओढलं. भागुबाईने तुला दिलेलं उत्तर गावभर झालंय: "ठेव तुज्याकडं. दया करायची हौस असंल तर उद्या सुकट पसरायला ये." तू येतो म्हणालास. मी मनात म्हटलं, गेला हा.

मग पंगतीत पुन्हा तोच विषय निघाला. तू म्हणालास, होडी उठली ती ताईच्या हाकेने नाही, मृणालच्या शिबिराने उठली, म्हणजे शेवटी पैशानेच. मी म्हटलं, शिबिराने कलंडत होती, शिवदासच्या उलथन्याने सावरली. तू म्हणालास, शिवदास मोकळा झाला कारण त्याच्या खोल्यांत पैसेवाले पाहुणे होते आणि त्यांनी आपलं आपण वाढून घेतलं. केसर मध्येच म्हणाली, तुमी दोघं गप बसा, कढी निवते. आणि तू ताटावरून उठलास. पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. मी वाढायची पळी धरून तशीच उभी.

"हात धुवायला जातोय," म्हणालास. ताट स्वच्छ होतं. काटे एका बाजूला नीट रचलेले.

आज सकाळी सहाला तू भागुबाईच्या अंगणात बसून सुकट पसरत होतास, असं मला तिने सांगितलं. तिच्या मते तू फार दाट पसरतोस, वारं खेळत नाही. पण पुढच्या रविवारीही बोलावलं आहे. होडीच्या कागदाचं तू विचारलं नाहीस, मीही काढलं नाही. रिसॉर्टवाल्याला दुसरी होडी मिळाली, फायबरची. तिला कोणाच्या आईचं नाव नाही.

आता महत्त्वाचं. काल अंधारात निघताना तू कोंडाजीच्या रबरी चपला घालून गेलास. ओटीवर तुझे करडे बूट तसेच राहिले. कोंडाजी घरी अनवाणी कसा जाणार, म्हणून ते बूट घालून गेला, आणि आज सकाळपासून तेच घालून धक्क्यावर फिरतो आहे. लोक त्याला शेठ म्हणतात. मी विचारलं, काय कोंडाजी, कसं वाटतं श्रीमंत होऊन? तो ओट्यावर बसला, बूट काढले, अंगठा चोळला आणि म्हणाला, "दिसायला बेस हायत, बाय. पर चावतात. हर्षदला बोल, वरीसभर ह्ये घालून फिरत व्हता व्हय? सांगायचं न्हाय का?"

चपला घेऊन ये. आणि मला अनब्लॉक कर, एवढी मोठी पत्रं लिहून माझा हात दुखतो.

ताई